वाचकांचे प्रश्न : घरचे वायफाय आणि राउटरचे दोन पासवर्ड

घरातील वायफायची मांडणी आणि सुरक्षितता या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत काळजी आहे ती वायफायच्या पासवर्डची, म्हणजे कोणी परस्पर आपले इंटरनेट वापरील याची. ती काळजी रास्त आहे. परंतु राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, तो त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, आणि त्याविषयी जवळजवळ कोणीच विचारलेले नाही. घरातील नेटवर्क खऱ्या अर्थाने कोणाच्या ताब्यात आहे हे माझ्या मते या दुसऱ्या पासवर्डावरून ठरते, त्यामुळे पुढील उत्तरांत तो विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : आम्ही नुकतीच फायबरची नवी जोडणी घेतली. तंत्रज्ञ आले, त्यांनी राउटर भिंतीवर लावला, त्याच्या मागच्या लेबलवरचे नाव आणि पासवर्ड टाकून आमचे फोन जोडून दिले आणि ते गेले. सगळे व्यवस्थित चालू आहे. आता आम्ही स्वतः काही करायला हवे का? करायचे तर कोणत्या क्रमाने?

उत्तर : करायला हवे, आणि ते पहिल्याच आठवड्यात केलेले बरे. एकदा घरातील सगळी उपकरणे जोडली गेली की नाव आणि पासवर्ड बदलायचा कंटाळा येतो आणि ते काम कायमचे राहून जाते.

सुरुवातीला राउटरच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. आपल्या जोडणीसाठी कंपनीने वेगळे वापरकर्तानाव आणि पासवर्ड दिले असतील, तर तेही विचारून लिहून घ्यावेत. पुढे कधी राउटर मूळ स्थितीला आणावा लागला, तर ही माहिती त्यातून पुसली जाते आणि ती हाताशी नसल्यास इंटरनेट सुरूच होत नाही.

त्यानंतर शक्य असेल तर संगणक केबलने राउटरला जोडावा. वायफायवरून सेटिंग बदलू लागले की नाव किंवा पासवर्ड बदलताक्षणी आपलाच संपर्क तुटतो. केबलवर तो प्रश्न येत नाही. ब्राउझर उघडून लेबलवर दिलेला पत्ता टाकावा. बहुतेक राउटरांचा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. लेबलवर नसेल, तर फोनमधील वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या शब्दापुढे तो दिसतो. हा पत्ता वरच्या पत्त्याच्या पट्टीतच टाकावा, शोधयंत्रात टाकून शोधू नये, कारण शोधातून राउटरच्या पानाऐवजी भलतीच संकेतस्थळे समोर येतात आणि त्यांतली काही पासवर्ड मागतात. पान उघडताना ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना आली तर घाबरू नये. राउटरच्या पानाला सहसा मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र नसते म्हणून ती येते. आपला संगणक आपल्याच केबलने आपल्याच राउटरला जोडलेला असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

आत गेल्यावर पहिला बदल करावा तो सेटिंगमध्ये शिरण्याच्या, म्हणजेच अ‍ॅडमिन पासवर्डाचा. पुष्कळ जुन्या राउटरांत नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असाच असतो. नव्या राउटरांत प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड छापलेला असतो, पण लेबल भिंतीवर सर्वांसमोर असते. हा पासवर्ड ज्याला ठाऊक आहे, त्याला या पानावर वायफायचा पासवर्ड बहुधा जसाच्या तसा वाचता येतो, तो बदलता येतो आणि घरातील प्रत्येक फोनने कोणते संकेतस्थळ कोठे शोधावे हेदेखील ठरवता येते. त्यासाठी त्या माणसाने घरात यावे लागते असेही नाही. आपल्या वायफायवर असलेल्या एखाद्या फोनमधील घातक अ‍ॅपलाही हे पान उघडून नेहमीचे पासवर्ड घालून पाहता येतात. आपला राउटर मोबाइल अ‍ॅपमधून चालत असेल, तर त्या अ‍ॅपच्या खात्याचा पासवर्ड हाच अ‍ॅडमिन पासवर्ड समजावा आणि त्याला तितकेच जपावे. काही कंपन्यांच्या राउटरांत ग्राहकाला मर्यादित अधिकार असतात आणि पूर्ण अधिकार कंपनीकडे राहतात. तसे असल्यास आपल्याला कोणते बदल करता येतात, हे ग्राहकसेवेला सरळ विचारावे.

पुढचा बदल फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा. नवी आवृत्ती उपलब्ध असेल तर ती घ्यावी आणि आपोआप अपडेट होण्याची सोय असल्यास ती चालू करावी. त्याच भागात ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘बाहेरून प्रवेश’ असा पर्याय दिसेल. बाहेरगावाहून राउटरची सेटिंग बदलण्याची गरज कोणत्याही घराला क्वचितच पडते, तेव्हा तो बंद ठेवावा. वायफायचे नाव आणि पासवर्ड सर्वांत शेवटी बदलावेत, म्हणजे घरातील सगळी उपकरणे एकदाच नव्याने जोडावी लागतील. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे लहरींचे दोन पट्टे वेगवेगळे दिसत असतील, तर दोन्हींकडे बदल करण्यास विसरू नये. एकच पट्टा बदलून दुसरा लेबलवरच्या पासवर्डावर तसाच राहिलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

प्रश्न : आमच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे माझा दहा आकडी मोबाइल क्रमांक आहे. घरात सर्वांना तो पाठ आहे. मुलीचे म्हणणे असे, की तो बदलायलाच हवा. पण दोनतीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की बँक खाते अडवते, तसा राउटरही अडवत असेल ना? मग कोणी किती अंदाज करणार?

उत्तर : आपल्या कन्येचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपल्या प्रश्नातील समजूत फार सार्वत्रिक असल्यामुळे मी तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

अंदाज करणारा माणूस राउटरला विचारतच नाही. फोन राउटरला जोडला जाताना त्या दोघांत चार छोट्या संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्या संदेशांत नसतो, परंतु पासवर्डावरून काढलेली पडताळणी असते. हे संदेश हवेतून जातात आणि जवळपास असलेल्या कोणालाही साध्या लॅपटॉपवर ते टिपता येतात. फोन आधीपासून जोडलेला असेल, तर जोडणी तोडण्याचा खोटा संदेश पाठवून त्याला पुन्हा जोडण्यास भाग पाडता येते. एकदा ते चार संदेश हाती आले की तो माणूस निघून जातो आणि आपल्या संगणकावर एकेक पासवर्ड लावून पडताळणी जुळते का हे पाहत बसतो. राउटरला याचा पत्ताही नसतो, मग तो अडवणार कोणाला?

डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या प्रचलित सुरक्षापद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी एकच गणिती क्रिया ४०९६ वेळा करावी लागते, आणि अंदाज महाग पडावेत याच हेतूने ती ठेवलेली आहे. तरीही चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासता येतात. दहा आकडी क्रमांक एकूण एक हजार कोटी होतात. म्हणजे सगळेच्या सगळे क्रमांक तपासायला दहा हजार सेकंद, पावणेतीन तासांच्या आसपास वेळ पुरतो. मोबाइल क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे ठरावीक असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागेल. जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक, मुलांचे नाव आणि पुढे १२३ हे सगळे याच रांगेत बसते, किंबहुना अंदाजांच्या याद्यांत ते आधीच लिहिलेले असते.

आता दुसरी बाजू पाहावी. दोन हजार साध्या शब्दांची एक यादी घेतली आणि तिच्यातून पाच शब्द पूर्णपणे दैवावर सोडून निवडले, तर त्यांच्या जुळण्या ३२ या आकड्यापुढे १५ शून्ये लिहावीत इतक्या होतात. त्याच वेगाने त्या सगळ्या तपासण्यास एक हजाराहून अधिक वर्षे लागतील. कोणी अनेक कार्डे एकत्र लावील अशी शंका वाटत असेल, तर सहावा शब्द घालावा. प्रत्येक शब्दागणिक काम दोन हजार पट वाढते. चिन्हे आणि आकडे कोंबून केलेल्या आठ अक्षरी पासवर्डापेक्षा असा लांब पासवर्ड मला सर्वार्थाने बरा वाटतो. टीव्हीच्या रिमोटवर एकेक अक्षर शोधून पासवर्ड भरण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना केवळ लहान लिपीतील अक्षरे असण्याची किंमत निश्चित कळेल.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. शब्द मनाने निवडू नयेत. मन नेहमी एकमेकांशी संबंध असलेले शब्द सुचवते, शिवाय म्हणी आणि गाण्यांच्या ओळीही याद्यांत असतात. डोळे मिटून एखाद्या जाड पुस्तकाचे पान उघडावे, बोट टेकेल तो शब्द घ्यावा आणि प्रत्येक शब्दासाठी नवे पान उघडावे. दुसरी गोष्ट लिपीची. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, पण तो रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि कळफलकावरील नेहमीच्या चिन्हांतच द्यावा लागतो. देवनागरी तेथे चालत नाही. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिले की ‘छत्री’ला एच एकदा की दोनदा, ‘पाऊल’मध्ये यू की दोन ओ, यावर घरात प्रत्येकाचे वेगळे मत निघते. म्हणून ठरलेले स्पेलिंग कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे. हवेतून संदेश टिपणाऱ्याला तो कागद दिसत नाही, त्यामुळे त्यात धोका नाही.

वायफायचे नावही याच हिशेबात येते. पासवर्डाची किल्ली तयार करताना नाव त्यात मिसळले जाते. मूळ नाव तसेच राहिले, तर त्या नावाच्या हजारो राउटरांसाठी आधीच करून ठेवलेल्या गणिताचा उपयोग आपल्यावरही होऊ शकतो. तेव्हा नाव बदलावे, पण त्यात आडनाव, घराचा क्रमांक किंवा राउटरची कंपनी यांपैकी काही असू नये.

प्रश्न : सुरक्षिततेच्या पर्यायांत डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३ अशी यादी आहे आणि काहींपुढे टीकेआयपी किंवा एईएस असे लिहिलेले आहे. कोणता पर्याय निवडावा? आमचा जुना प्रिंटर नव्या पर्यायावर जोडलाच जात नाही.

उत्तर : डब्ल्यूईपी ही पद्धत १९९७ मध्ये वायफायच्या पहिल्या मानकाबरोबर आली. २००१ मध्ये तिच्या मुळाशी असलेला दोष संशोधकांनी प्रसिद्ध केला आणि २००७ पर्यंत ती एका मिनिटाच्या आत फोडण्याचे तंत्र जाहीर झाले होते. तिचा पासवर्ड कितीही लांब असला तरी उपयोग नाही. त्यानंतर २००३ मध्ये आलेली डब्ल्यूपीए ही जुन्याच यंत्रांवर चालावी म्हणून केलेली तात्पुरती सोय होती आणि टीकेआयपी हे तिचेच अंग आहे. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आली. तिच्यातील एईएस ही संकेतपद्धती आजही भक्कम मानली जाते.

डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये जाहीर झाली आणि तिने मागील उत्तरात वर्णिलेला मूळ प्रश्नच सोडवला. तिच्यात हवेतून टिपलेल्या संदेशांवरून घरी बसून अंदाज तपासता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. जोडणी तोडण्याचे खोटे संदेशही तिच्यात चालत नाहीत. म्हणून घरातील सगळी उपकरणे नवी असतील, तर केवळ डब्ल्यूपीए-३ निवडावी. बहुतेक घरांत तसे नसते. तेथे ‘डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३’ असा मिश्र पर्याय घ्यावा. मिश्र पर्यायात जुनी उपकरणे जुन्याच पद्धतीने जोडली जातात, हे लक्षात घेऊन पासवर्ड भक्कमच ठेवावा. तोही पर्याय नसेल, तर एईएससह डब्ल्यूपीए-२ घ्यावी. टीकेआयपी टाळण्यास आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ती निवडली की नव्या मानकांचे वेग वापरताच येत नाहीत आणि वायफाय ५४ मेगाबिटच्या मर्यादेत अडकते. वेग कमी आहे अशी तक्रार असलेल्या घरांत हे सेटिंग अवश्य तपासावे.

डब्ल्यूपीए-२ देखील अगदीच निर्दोष ठरलेली नाही. बेल्जियममधील मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने २०१७ मध्ये ‘क्रॅक’ नावाने प्रसिद्ध झालेला तिचा दोष दाखवला. तो सॉफ्टवेअर अपडेटने दुरुस्त होणारा होता आणि अपडेट घेतलेल्या उपकरणांत तो उरलेला नाही. फोन, संगणक आणि राउटर तिन्हींचे अपडेट घ्यावेत असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठी.

एका प्रिंटरसाठी साऱ्या घराची पातळी खाली आणू नये. प्रिंटरला केबलची जागा असेल तर तो राउटरला केबलने जोडावा, नाहीतर संगणकाला थेट जोडावा. तो डब्ल्यूपीए-२ ओळखत असेल, तर मिश्र पर्यायावर चालून जाईल.

प्रश्न : एका परिचितांनी सुचवले, की वायफायचे नाव लपवावे आणि ठरावीक उपकरणांचे मॅक क्रमांक, म्हणजे प्रत्येक उपकरणाचे ओळखक्रमांक, नोंदवून बाकी सगळ्यांना बंदी करावी, म्हणजे पासवर्ड साधा असला तरी चालेल. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. राउटरने नाव सांगणे थांबवले, तरी आपले फोन जोडले जाताना ते नाव उघडपणे उच्चारतातच आणि ऐकणाऱ्याला ते मिळते. उलट असे लपवलेले नेटवर्क साठवलेला फोन घराबाहेरही ‘अमुक नावाचे नेटवर्क येथे आहे का’ असे विचारत राहू शकतो. मॅक क्रमांकही प्रत्येक संदेशात उघडा असतो आणि सॉफ्टवेअरने तो बदलता येतो, म्हणजे परवानगी असलेला क्रमांक ऐकून तोच धारण करणे अवघड नाही. त्यातच अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक क्रमांक वापरतात. त्यामुळे या यादीचा त्रास होतो तो घरातल्यांनाच. पासवर्ड साधा ठेवण्याची मुभा यांपैकी कोणत्याही उपायाने मिळत नाही.

प्रश्न : राउटरवर डब्ल्यूपीएस असे बटण आहे. ते दाबले की पासवर्डाशिवाय उपकरण जोडले जाते. ते वापरावे का?

उत्तर : या सोयीचे दोन प्रकार आहेत. बटण दाबून थोड्या वेळापुरती दारे उघडणारा प्रकार तुलनेने निरुपद्रवी आहे. आठ आकडी पिनचा प्रकार मात्र घातक आहे. आठ आकड्यांच्या दहा कोटी जुळण्या व्हायला हव्यात, पण शेवटचा आकडा हा आधीच्या सातांवरून निघणारा पडताळणीचा आकडा असतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. पहिल्या भागाचे १०,००० आणि दुसऱ्याचे १,०००, असे मिळून फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला. पिन सापडला की वायफायचा पासवर्डही हाती येतो, मग तो पाच शब्दांचा असो की दहा. काही राउटरांत बटण ठेवून पिन बंद करता येतो. तशी सोय नसेल, तर डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करावे.

प्रश्न : मागच्या खोलीत वेग फारच कमी मिळतो. आमचे इंटरनेट कोणीतरी चोरून वापरत असावे असा संशय आहे. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एक-दोन अनोळखी नावेही दिसतात. खात्री कशी करावी?

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सांगड घालण्यापूर्वी दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत.

आधी यादीविषयी. उपकरणे आपले नाव नेहमी ओळखू येईल असे सांगत नाहीत. स्मार्ट दिवा किंवा स्मार्ट प्लग यादीत पुष्कळदा ‘एस्प्रेसिफ’ या नावाने दिसतो, कारण त्याच्या आतील वायफायची चिप त्या कंपनीची असते. दिव्याच्या खोक्यावर ते नाव कोठेच नसते. टीव्ही, घड्याळ, कोपऱ्यात पडलेला जुना टॅब यांचीही अशीच अनोळखी नोंद होते. संशयित नावापुढे ‘अडवा’ असा पर्याय असेल तर तो दाबून घरातील काय बंद पडते ते पाहावे. एवढ्याने उलगडा झाला नाही, तर खात्रीचा मार्ग एकच, पासवर्ड बदलावा आणि आपली उपकरणे एकेक करून जोडत जावीत. नवा पासवर्ड दिलाच नाही असे उपकरण त्यानंतरही यादीत आले, तर कोणाच्या तरी हाती अ‍ॅडमिन पासवर्ड किंवा डब्ल्यूपीएसचा पिन आहे असे समजून ते दोन्ही बंदोबस्त तत्काळ करावेत. शेजाऱ्यांवरचा संशय मात्र तोपर्यंत मनातच ठेवावा; अनोळखी नावे बहुतेक वेळा आपल्याच घरात सापडतात.

आता वेग. संगणक केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तेथेच तो कमी असेल, तर दोष वायफायचा नाही आणि कंपनीशी बोलणे भाग आहे. केबलवर पूर्ण आणि मागच्या खोलीत कमी असेल, तर प्रश्न लहरींचा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची त्याच्या निम्मी असते. दुसऱ्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण भिंतीतून जाताना तो लवकर क्षीण होतो. म्हणून राउटरच्या खोलीत ५ आणि दोन भिंतींपलीकडे २.४ असा अनुभव येतो. राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर आणि मोकळा असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी किंवा मत्स्यपात्र यांच्या आड तो ठेवू नये, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. टीव्हीच्या मागे राउटर दडवण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी असली, तरी सिग्नलच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे. काडीसारखे अँटेना असतील, तर त्यांच्या टोकाच्या दिशेने लहरी कमी आणि आडव्या दिशेने जास्त जातात. एकाच मजल्यासाठी ते उभे ठेवावेत.

दाट वस्तीत चॅनेलही, म्हणजे पट्ट्यातील कोणता भाग राउटर वापरतो तेही, पाहावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल क्रमांक बरेच असले, तरी ते एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक सिग्नल २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच उरतात, १, ६ आणि ११. कोणी ‘गर्दी नको’ म्हणून ३ किंवा ८ निवडतो आणि दोन्ही बाजूंची गडबड ओढवून घेतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर मात्र दुसऱ्याचे बोलणे केवळ गोंगाट ठरते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तो सुरू असताना वेग पडत असल्यास आश्चर्य नाही.

एवढे करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर तेथपर्यंत केबल नेऊन तिच्या टोकाला वायफाय पसरवणारे दुसरे उपकरण, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. सिग्नल पुन्हा फेकणारा एक्स्टेंडर सोपा पडतो, पण एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करत असल्यामुळे साध्या एक्स्टेंडरवर वेग निम्म्यावर येतो. दुसरे उपकरण आणले की त्यालाही स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड असतो, हे विसरू नये.

प्रश्न : घरात स्मार्ट टीव्ही, दोन कॅमेरे आणि आवाजावर चालणारा स्पीकर आहे. पाहुणेही वायफाय मागतात. सर्वांना एकच पासवर्ड देणे सुरक्षित आहे का?

उत्तर : पाहुण्यांसाठी राउटरमधील ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करावे. त्यावरील फोनला इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक, प्रिंटर आणि राउटरचे सेटिंगचे पान सहसा दिसत नाही. त्याचा पासवर्ड तुलनेने सोपा ठेवून अधूनमधून बदलला तरी चालतो. फोनमधून क्यूआर कोड दाखवून वायफाय देण्याची सोय उत्तम आहे, मात्र त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या स्वरूपात असतो, म्हणून मुख्य नेटवर्कचा कोड छापून भिंतीवर लावू नये.

माझी खरी काळजी पाहुण्यांपेक्षा कॅमेऱ्यांविषयी आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड घालून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या झुंडीने संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीच्या सेवेवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेक ठिकाणी काही तास उघडेनाशी झाली. ज्या घरांतील कॅमेरे यात वापरले गेले, त्या घरांना काही घडल्याचे कळण्याचे कारणही नव्हते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा आणि कॅमेरे, दिवे, प्लग यांना गेस्ट नेटवर्कवर किंवा राउटरमध्ये सोय असल्यास स्वतंत्र नेटवर्कवर ठेवावे. टीव्हीच्या बाबतीत एक अडचण येईल. तो गेस्ट नेटवर्कवर गेला की मुख्य नेटवर्कवरील फोनमधून त्यावर चित्र पाठवता येत नाही. ती सोय रोज लागत असेल, तर टीव्ही मुख्य नेटवर्कवरच ठेवावा. मी तेथे हट्ट धरणार नाही.

‘यूपीएनपी’ नावाचे सेटिंग घरातील कोणत्याही उपकरणाला विचारणा न करता बाहेरच्या जगासाठी राउटरमध्ये वाट उघडू देते. ऑनलाइन खेळांना ते कधी लागते. लागत नसेल तर बंद करावे. कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी कोणी ‘पोर्ट उघडून’ दिले असेल तर तेही बंद करून कॅमेऱ्याच्या अधिकृत अ‍ॅपचा मार्ग घ्यावा आणि त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी.

प्रश्न : गेले काही दिवस घरातील सर्व फोनवर, पत्ता बरोबर टाकूनही मधूनच भलतीच जाहिरातींची पाने उघडतात. मोबाइल डेटावर तसे होत नाही. राउटर बराच जुना आहे. त्याला विषाणू लागला असेल का?

उत्तर : आपण मोबाइल डेटावर पडताळून पाहिलेत हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे दोष फोनमध्ये नसून राउटरकडे असल्याचा स्पष्ट संकेत मिळतो. बहुधा राउटरमधील डीएनएसचे पत्ते कोणीतरी बदलले आहेत. संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती परक्याच्या हाती गेली, की आपण नाव बरोबर टाकले तरी तो आपल्याला हव्या त्या ठिकाणी पाठवतो. राउटरच्या पानावर डीएनएसपुढे कोणते आकडे आहेत ते पाहून कंपनीकडून खात्री करून घ्यावी. तोवर या वायफायवरून बँकेचे व्यवहार करू नयेत आणि प्रमाणपत्राविषयी इशारा आला, तर येथे तो कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.

आकडे दुरुस्त करून थांबू नये, कारण ज्या वाटेने ते बदलले गेले ती अजून उघडी असणार. राउटर नुसता बंद-चालू करणेही पुरेसे नाही. २०१८ मध्ये किमान पाच लाख उपकरणांत शिरलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक सॉफ्टवेअरच्या वेळी अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रीस्टार्ट करण्याचे आवाहन केले होते, पण त्या सॉफ्टवेअरचा पहिला भाग रीस्टार्टनंतरही राउटरमध्ये टिकून राहत असे. म्हणून राउटर मूळ स्थितीला आणावा. प्रथम त्याला येणारी इंटरनेटची केबल काढावी. वीज चालू ठेवून मागच्या बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने साधारण दहा सेकंद, सगळे दिवे एकदम बदलेपर्यंत दाबून धरावे. या क्षणी राउटरचा पासवर्ड पुन्हा कारखान्यातलाच झालेला असतो, तेव्हा इंटरनेटची केबल परत लावण्याआधी संगणक जोडून अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा आणि बाहेरून प्रवेश बंद असल्याची खात्री करावी. मग केबल लावून लगेच फर्मवेअर अपडेट करावे, जोडणीचे वापरकर्तानाव भरावे आणि वायफाय नव्या पासवर्डाने सुरू करावे. ई-मेल आणि बँकेचे पासवर्डही बदलावेत, पण मोबाइल डेटावरून.

आपल्या राउटरसाठी कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पाहावे. थांबवले असल्यास वरील सर्व खटाटोप काही दिवसांपुरताच टिकेल आणि राउटर बदलणे हाच उपाय उरतो. तो उत्तम चालतो आहे हे कारण मी येथे पुरेसे मानत नाही, कारण त्यातील ज्ञात दोष यापुढे कोणी बुजवणार नाही. नवा आल्यावर जुना राउटर भंगारात किंवा कोणाला वापरायला देण्यापूर्वी तोही याच रीतीने रीसेट करावा आणि मोबाइल अ‍ॅपच्या खात्यातूनही काढून टाकावा, कारण त्यात आपल्या वायफायचा पासवर्ड आणि जोडणीचे वापरकर्तानाव दोन्ही साठवलेले असतात.